आणंदच्या गोठ्यांचा अभ्यास दौरा: बस ठरवण्यापासून घरी परतेपर्यंत

दूध उत्पादकांच्या सहली दरवर्षी निघतात. बसला बॅनर लागतो, नारळ फुटतो, चार दिवसांत आठ-नऊ गोठे उरकतात. परत आल्यावर काय पाहिलं असं विचारलं की उत्तर येतं, "लई भारी गोठा होता, दोनशे गायी होत्या." दोनशे गायींचा गोठा पाहून आठ गायीवाल्याच्या दावणीला काय फरक पडणार? फोटो मात्र झकास येतात.

माझं म्हणणं सरळ आहे. दिवसाला दोनच गोठे पाहा, ते आपल्याएवढे किंवा फार तर आपल्या दुप्पट असावेत, आणि प्रत्येक ठिकाणी निदान अडीच तास थांबा. पुढचं सगळं नियोजन या एका अटीभोवती केलं आहे. संगमनेर, सिन्नर, राहाता या पट्ट्यातल्या गटानं गुजरातेतल्या आणंद-खेडा भागात चार दिवस जायचं, असं धरून लिहितो. मराठवाडा-विदर्भातून नगर किंवा फलटणकडे येणाऱ्यांनाही रस्ता आणि भाषा सोडली तर बाकी सगळं लागू आहे.

आणंदच का? अमूल म्हटलं की डोळ्यांपुढे मोठा कारखाना येतो, पण आपल्या कामाचं आहे ते त्याच्या मागचं गाव. अमूल ज्याचं, त्या खेडा जिल्हा दूध संघाची नोंदणी 1946 सालची. तेव्हा हा भाग मुंबई प्रांतातच होता आणि इथलं दूध मुंबईला जायचं. दुधाची किंमत व्यापाऱ्यानं ठरवायची नाही, या हट्टातून तो संघ उभा राहिला. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं मुख्यालयही 1965 पासून आणंदलाच आहे. पण यातलं काही नसतं तरी मी तिथे जा म्हटलं असतं, कारण तिथले बहुतेक सभासद दोन ते पाच जनावरंवाले आहेत. आपल्यासारखेच.

आधी माणसं, मग बस

पंचेचाळीस सीटची बस भरायची म्हणून कुणालाही घेऊ नका. तीस-बत्तीस माणसं पुरेत. गोठ्यावर पोचलं की त्यांचे दोन गट करता येतात. त्यापेक्षा जास्त झाली की मागच्यांना ऐकू जात नाही, ते मोबाईल काढतात आणि दौरा तिथेच संपतो.

निवडीची अट एकच ठेवा: जो गोठ्यात रोज हात घालतो, तोच येईल. याचा सरळ अर्थ बाया आल्याच पाहिजेत. रात्री तीनला गाय व्यायला लागली की उठते कोण, वासराला चीक पाजते कोण, गाय माजावर आल्याचं आधी कुणाच्या लक्षात येतं? सहलीला मात्र जातात त्यांचे मालक. शक्य असेल तिथे जोडप्यानं घ्या. आणंद भागात फक्त बायकांनी चालवलेल्या दूध मंडळ्याही (गावच्या दूध संस्था) आहेत. आपल्या बायांना तिथल्या सचिव बाईंशी बोलायला मिळालं तर तो तास सगळ्या दौऱ्यात वसूल झालेला तास असेल. मागे चार दिवस गोठा कोण बघणार, हे प्रत्येक घरानं आधी ठरवून नाव लिहून द्यायचं. नाहीतर दुसऱ्याच दिवशी निम्मी बस फोनवर असते.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी प्रत्येकाकडून एक पान भरून घ्या: जनावरं किती, त्यातली दुभती किती, सध्याचं दूध, महिन्याचा खाद्याचा खर्च आणि सगळ्यात मोठी अडचण. कुणी लिहील "गायी उलटतात" (म्हणजे भरवूनही गाभण राहत नाहीत), कुणी "कासदाह", कुणी "वासरं मरतात". गोठे या अडचणी बघून निवडायचे. पंधरा जणांनी "उलटतात" लिहिलं असेल तर ज्याची गाय वेळेवर गाभण राहते तो गोठा शोधा, मग तो पत्र्याचा का असेना.

पैसे, पत्र आणि परवाना

आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) या सरकारी यंत्रणेकडून शेतकऱ्यांच्या राज्याबाहेरच्या अभ्यास दौऱ्यांना मदत मिळू शकते. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच प्रस्ताव द्या, फेब्रुवारीत गेलात तर निधी संपलेला असतो. दूध संघ, शेतकरी उत्पादक कंपनी, कृषी विज्ञान केंद्र हे दुसरे दरवाजे. तरीही प्रत्येकाचा थोडा तरी वाटा ठेवाच. फुकट आलेला माणूस बसमधून उतरायला कुरकुरतो.

खासगी बस घेताना ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते कागद हातात घेऊन बघा. भाडं ठरवताना दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार, टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता आणि मुक्काम कुणाकडे, हे लिहून घ्या. भांडणं याच चार गोष्टींवर होतात. चालक दोन हवेत. संगमनेरहून नाशिक, सापुतारा, सुरत, वडोदरा करत आणंद म्हणजे साधारण पाचशे किलोमीटर पडतात आणि सापुताऱ्याचा घाट दिवसाउजेडी उतरलेला बरा.

एक गोष्ट आधीच कडक शब्दांत सांगून टाका. गुजरातेत दारूबंदी आहे. बसच्या डिकीत बाटली सापडली तर ती कुणाची हे ठरेपर्यंत सगळी बस पोलीस ठाण्यासमोर उभी राहील आणि बिचारे गोठेवाले चहा घेऊन वाट बघत बसतील.

कारखान्याची भेट, तिथल्या विद्यापीठाचा पशुधन विभाग, दूध मंडळी, या सगळ्यांना महिनाभर आधी पत्र आणि माणसांची यादी पाठवा. गोठेवाल्यांना मात्र पत्रापेक्षा फोन. दूध संघाच्या विस्तार अधिकाऱ्याकडून तीन-चार नावं घ्या आणि प्रत्येकाला स्वतः विचारा: "तुमचं दूध काढणं किती वाजता असतं, त्या वेळी आम्ही आलो तर चालेल का?" त्यांच्या सोयीनं वेळ द्यायची. एखाद्यानं भेटीचं शुल्क मागितलं तर घासाघीस न करता द्या. त्याचे तीन तास जाणार आहेत.

कधी जायचं

बहुतेक गट डिसेंबरात जातात. हवा गार, हिरवा चारा भरपूर, प्रत्येक गाय तुकतुकीत. म्हणूनच डिसेंबरात काही कळत नाही. मला फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा पसंत आहे: ऊन चढायला लागलेलं असतं, चाऱ्याची चणचण जाणवू लागते आणि गोठा खरंच हवेशीर आहे का हे दुपारी दोन वाजता गायीच्या श्वासावरून समजतं. शिवाय आपल्याकडची गव्हाची काढणी अजून व्हायची असते. जानेवारीत गेलातच तर 14 आणि 15 तारीख टाळा. उत्तरायणाला सगळा गुजरात गच्चीवर पतंग घेऊन असतो. नवरात्र आणि दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंतही कुणी भेटायचं नाही. पावसाळा तर नकोच, चिखल आणि माश्या दोन्ही रोग वाहतात.

चार दिवसांची आखणी

पहिला दिवस नुसता प्रवासाचा. पहाटे चारला निघा, संध्याकाळी आणंदला पोचा, जेवा, झोपा. जाता जाता एक गोठा उरकू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गावातली दूध मंडळी. दूध येतं, मापलं जातं, फॅट लागते, पावती हातात पडते. हे अर्धा तास नुसतं उभं राहून बघा. मग साडेनऊला पहिला गोठा, जेवण, आणि साडेतीनला दुसरा, म्हणजे संध्याकाळची धार बघायला मिळते. तिसऱ्या दिवशी सकाळी एक गोठा, दुपारी अमूलचा कारखाना किंवा विद्यापीठ, यातलं एकच. संध्याकाळी गोबरगॅसवाल्या गावात जा. मुजकुव्याला घरामागे छोटे गॅस प्लँट आहेत आणि त्यांची स्लरी (गॅस निघाल्यावर उरलेलं पातळ शेण) बायकांची सहकारी संस्था घेते. चौथा दिवस परतीचा.

"एवढं लांब आलोच आहोत तर गीर गाय पण बघू" हा आग्रह बसमध्ये हमखास होतो. गीरचा मूळ मुलूख सौराष्ट्रात; आणंदहून जुनागढ आणखी सव्वातीनशे किलोमीटर. कांकरेज बघायला बनासकांठा, तो उत्तरेला. दोन्ही चांगले विषय आहेत, पण त्यांचा दौरा वेगळा काढा.

रोग नेऊ नका, आणू नका

याकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून जरा लांबवतो. बसमधल्या प्रत्येकाच्या घरी जनावरं आहेत. लाळ्या खुरकुताचा विषाणू बुटाच्या तळाला, पँटच्या कडेला चिकटून येतो. तीस गोठ्यांची माणसं एका गोठ्यात शिरतात आणि तिथून दुसऱ्या गोठ्यात जातात, तेव्हा तुम्ही पाहुणे असता तसेच धोकाही असता. 2022 साली लम्पीनं गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडे काय केलं ते आठवत असेलच.

ज्याच्या घरी गेल्या महिन्याभरात लाळ्या खुरकूत किंवा लम्पीचं जनावर होतं, त्यानं या वेळी थांबायचं. जागा दुसऱ्याला द्या, पैसे परत करा, पण बसमध्ये घेऊ नका. रोज धुतलेले कपडे. बसमध्ये एक प्लॅस्टिकचं टब, दोन कडक ब्रश, पाण्याचा कॅन आणि धुण्याचा सोडा ठेवा (खायचा सोडा नव्हे). दहा लिटर पाण्याला चारशे ग्रॅम सोडा. आधी ब्रशनं चिखल-शेण खरवडायचं, मग पाय बुडवायचे. शेणाच्या थरावर औषध चालत नाही. त्यावर पायात घालायच्या प्लॅस्टिक पिशव्या, त्या प्रत्येक गोठ्यावर नव्या. गायीच्या तोंडाला हात लावायचा नाही, गव्हाणीत पाय ठेवायचा नाही.

आणि कुणी प्रेमानं धारोष्ण दुधाचा पेला पुढे केला तर "चहा चालेल" म्हणा. ब्रुसेलोसिस हा जनावरांचा रोग कच्च्या दुधातून माणसाला होतो आणि पेला देणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं.

गोठा बघायचा कसा

मालक तुम्हाला आधी सगळ्यात जास्त दुधाची गाय दाखवणार. तिला नमस्कार करा आणि म्हणा, "आधी वासरं बघू का?" लहान वासरं, मग कालवडी, मग गाभण आणि भाकड, शेवटी दुभत्या. या क्रमानं गेलं तर मोठ्या जनावरांचे रोग वासरांकडे जात नाहीत, आणि दुसरं म्हणजे तीन वर्षांनी हा गोठा कुठे असेल ते वासरांत दिसतं. दुभती गाय विकत आणता येते, चांगली कालवड घरातच घडते. वासरांची शेपटी शेणानं माखलेली आहे का, केस राठ आहेत का, पोट सुटलेलं आहे का ते बघा. चीक किती वेळात पाजता, हे विचारा. पहिल्या एक-दोन तासांत, वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, असं उत्तर आलं तर माणूस जाणता आहे. "झार (वार) पडल्यावर" असं आलं तर पुढे विचारायची गरज नाही.

दुभत्या गायींजवळ पाच मिनिटं काही न बोलता उभे राहा. बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असल्या पाहिजेत. मागच्या पायाच्या सांध्यावर सूज किंवा सोललेलं दिसलं तर खालची जमीन टणक आहे. पाण्याचं भांडं वाकून बघा, तळाला शेवाळ असेल तर गाय हवं तेवढं पाणी पीत नाही. शेणात मक्याचे अख्खे दाणे म्हणजे खाद्य वाया चाललंय.

धार काढताना सगळ्यांची नजर मशीनवर असते. तुम्ही कापड बघा. एका बादलीत एकच फडकं, ते पिळून पहिल्या गायीची कास पुसली, परत त्याच बादलीत बुडवलं, दुसरीची पुसली; चौथ्या गायीपर्यंत पाण्याचा रंग बदललेला असतो. एका गायीचा कासदाह असा सगळ्या रांगेत जातो, मशीन कितीही महागाचं असो. जिथे प्रत्येक गायीला वेगळं कापड आहे, पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत काढून बघतात आणि धार संपल्यावर सड औषधात बुडवतात, तिथे त्या माणसाजवळ अर्धा तास जास्त काढा आणि औषधाचं नाव लिहून घ्या.

मुरघासाचा (दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) खड्डा उघडा असेल तर मूठभर घेऊन दाबा. पाणी गळलं तर मका कोवळा कापला होता. हात उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला, वास आंबूस-गोड आला, तर जमलंय. लोण्यासारखा कुबट वास आला तर बिघडलंय.

आकडे विचारायचे ते असे

"गाय किती दूध देते?" हा प्रश्न वहीतून खोडून टाका. उत्तर नेहमी "पंचवीस लिटर" असतं आणि ते खोटंही नसतं. तिनं व्याल्यावर दीड महिन्यानी एके दिवशी दिलेलं असतं. साधा ठोकताळा असा की शिखरावरच्या दुधाला दोनशेनं गुणलं की वेताचं, म्हणजे व्याल्यापासून आटेपर्यंतचं, दूध येतं. पंचवीस लिटरवाली गाय वेताला पाच हजार लिटर देते. आता दोन वेतांतलं अंतर विचारा. चौदा महिने असेल तर पाच हजार भागिले सव्वाचारशे दिवस, म्हणजे रोज पावणेबारा लिटर पडलं. अंतर अठरा महिन्यांवर गेलं की तीच गाय नऊ लिटरवर येते. खाणं मात्र रोज चालूच.

म्हणून विचारायचं ते हे: एकूण मोठ्या गायी किती आणि आज पिळता किती? दहापैकी आठ दुधात असतील तर रेतनाचं गणित जमलेलं आहे, पाच असतील तर मालक कितीही हसतमुख असला तरी निम्मा गोठा बसून खातोय. एक गाय गाभण राहायला सरासरी किती रेतमात्रा (कृत्रिम रेतनाचे डोस) लागतात? कालवड पहिल्यांदा कितव्या महिन्यात व्याली? संकरित गायीत अठ्ठावीस-तीस महिने चांगलं. लिटरमागे खाद्य किती देता? आपल्याकडे शरीरासाठी दीड-दोन किलो आणि वर लिटरमागे गायीला चारशे, म्हशीला पाचशे ग्रॅम असा हिशेब धरतात; त्याहून कमी खाद्यात कुणाचं भागत असेल तर त्याचा हिरवा चारा बघायला लगेच शेतात चला.

दराबद्दल बोलताना जरा सांभाळून. आपल्याकडे गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लिटरमागे इतके रुपये, असं बोलतात. तिकडे, विशेषतः म्हशीच्या दुधाला, किलो फॅटचा भाव सांगतात. समजायला 850 रुपये किलो फॅट धरा, 6.5 फॅटच्या लिटरभर दुधात सुमारे 67 ग्रॅम फॅट, म्हणजे 57 रुपये लिटर पडले. आकडा ऐकून बसमध्ये कुजबुज सुरू होण्याआधी हे फळ्यावर सोडवून दाखवा. आणि वर्षाअखेरीला मिळणारा भावफेर, म्हणजे आपल्या कोल्हापूरकडचा दरफरक, वेगळा विचारा. तो धरल्याशिवाय तुलना चुकते.

भाषेची अडचण फार येत नाही. वेताला ते वेतर म्हणतात, खाद्याला दाण, पेंडीला खोळ, लसूणघासाला रजको. बाकीचं हातवारे निभावून नेतात.

प्रश्न विचारायला दोन माणसं आणि लिहायला दोन, आधी नेमा. सगळेच बोलले की मालक भाषण सुरू करतो. कर्ज आणि नफा चारचौघांत विचारू नका. निघताना ज्याच्याशी सूर जुळला त्यानं बाजूला घेऊन विचारावं, खरं तेव्हाच कळतं.

संध्याकाळची बैठक

रात्री जेवणाआधी पाऊण तास. प्रत्येकानं एकच वाक्य बोलायचं: आज पाहिलेलं काय माझ्या गोठ्यात पाच हजारांच्या आत करता येईल? सिमेंटचे खांब आणि फॉगर (बारीक पाणी फवारणारी यंत्रं) यांची नावं घ्यायची नाहीत. ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा येतील (चोवीस तास पाणी, वासरांना वेगळी जागा, धारेनंतर सड बुडवणं) त्या वहीच्या मागच्या पानावर एकत्र लिहा.

जनावर घ्यायचा मोह

बसमध्ये एक तरी माणूस बयाणा द्यायला निघतोच. दौऱ्यात सौदा करायचा नाही, हा नियम निघतानाच सांगा. आवडली गाय तर कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर टिपून घ्या, घरी या, पंधरा दिवस विचार करा. मग परत जा, दोन वेळची धार समोर काढून घ्या, ब्रुसेला आणि क्षयाची तपासणी करून घ्या. वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा दाखला लागतो आणि 1978 च्या नियमांनुसार मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त मोठी जनावरं भरता येत नाहीत. स्वस्तात दहा नेऊ म्हणणाऱ्या गाडीवाल्याला तिथूनच रामराम करा.

परत आल्यावर

घरी पोचल्यावर अंघोळ, कपडे गरम पाण्यात, बूट सोड्यात, आणि मगच गोठा. आणलेल्या नेपियर गवताच्या कांड्या धुऊन, बांधाच्या एका कोपऱ्यात वेगळ्या लावा. आठव्या दिवशी सगळ्यांची बैठक घ्या आणि प्रत्येकानं एक बदल आणि एक तारीख लिहून द्यायची. तीन महिन्यांनी बस न काढता, मोटारसायकलींवर एकमेकांचे गोठे बघा; त्याच क्रमानं, वासरांपासून.

खर्चाचा हिशेबही आठव्या दिवसाच्या त्याच बैठकीत पावत्यांसह मांडा आणि उरलेली रक्कम तिथल्या तिथे वाटून टाका. पुढच्या दौऱ्याला ठेवू म्हटलं की पुढच्या दौऱ्याची पहिली बैठक त्याच भांडणात जाते.